मयसभेतलं एक वाक्य: टीव्हीवरच्या दुर्योधनाचं प्रकरण

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या हौशी नाटकमंडळींनी दुर्योधनावरची एकांकिका करायला घेतली. पहिला खर्डा लिहिला तो कळव्याच्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने. कल्पना चांगली होती. युद्धाचा अठरावा दिवस. सैन्य संपलंय, दुर्योधन द्वैपायन डोहात लपून बसलाय आणि एकेक जुना प्रसंग त्याच्यासमोर उभा राहतोय: रंगभूमी, मयसभा, द्यूत, कृष्णशिष्टाई. सोसायटीच्या हॉलमध्ये वाचन झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्यातले सगळ्यांत जुने नट, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका, म्हणाले, "छान लिहिलंयस. पण हा दुर्योधन तुझा नाही, टीव्हीचा आहे. आणि टीव्हीवाल्यांनी तो अर्धाच लिहिला होता."

मुलगा उसळला. "काका, अख्खा देश रविवारी सकाळी ती मालिका बघायला घरी बसायचा म्हणता ना तुम्हीच? अर्धं लिहिलेलं कोण बघेल?"

"बघितलं म्हणजे पूर्ण लिहिलं असं होत नाही रे पोरा."

"मग कुठे अर्धं आहे ते दाखवा. नुसतं म्हणू नका."

मुलाचा हट्ट रास्त होता. एकांकिका मी बसवत होतो, त्यामुळे निर्णय मलाच घ्यायचा होता. या संहितेने मालिकेतलं काय घ्यावं आणि काय टाकावं, हे ठरवायचं तर आधी मालिकेतल्या दुर्योधनाचा ग्राफ, म्हणजे वळणावळणाने होणारा त्याचा प्रवास, नीट लिहिला गेला आहे का, याचा सोक्षमोक्ष लावायला हवा होता. पुढच्या काही तालमी आम्ही याच कामाला लावल्या. जे हाती आलं ते इथे मांडतो, कारण पौराणिक विषय घेणाऱ्या प्रत्येक गटापुढे हाच पेच येतो.

मालिका आणि तिची माणसं

बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' दूरदर्शनवर 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990 या काळात दर रविवारी सकाळी दाखवलं गेलं. भाग 94. दिग्दर्शन रवि चोप्रांचं, पटकथा-संवादांवर राही मासूम रझांची ठळक मुद्रा. दुर्योधन पुनीत इस्सर, शकुनी गुफी पेंटल, कर्ण पंकज धीर, द्रौपदी रूपा गांगुली, धृतराष्ट्र गिरिजा शंकर, आणि कृष्ण आपले नितीश भारद्वाज. काकांनी ती पहिल्या वेळी पाहिली, चाळीत, ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी. आमच्या लेखकाने पाहिली ती 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, मार्चअखेर डीडी भारतीवर पुनर्प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा. शाळा बंद, खाली उतरायची बंदी, आणि कळव्याच्या दोन खोल्यांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच पडद्यासमोर. त्याच्या मनात दुर्योधन म्हणजे पुनीत इस्सर, यात नवल नाही. माझ्याही मनात तोच आहे.

कसोटी कोणती

चर्चा भरकटू नये म्हणून काकांना म्हटलं, आधी तुमची कसोटी सांगा. त्यांनी जे सांगितलं ते मला इतकं पटलं की पुढचं सगळं त्याच मापाने मोजलं. खलनायक सुधारायलाच हवा असं नाही. त्याचा बालपणीचा जखमी कोपरा दाखवला की काम झालं, असंही नाही. बघायचं ते एवढंच: प्रत्येक वळणावर त्याच्यापुढे दुसरी वाट होती का, ती त्याला दिसली का, आणि दिसूनही त्याने स्वतःच ती सोडली का. ज्या वळणावर निवड त्याची, तिथे पात्र लिहिलं गेलं. ज्या वळणावर दुसऱ्या कुणी त्याला ढकललं, तिथे फक्त कथा पुढे गेली.

जिथे मालिका भक्कम आहे

सुरुवात मालिकेने फार विचारपूर्वक केली आहे. दुर्योधन जन्मायच्या आधी त्याची भूक जन्माला येते. धृतराष्ट्र थोरला, पण आंधळा म्हणून गादी पांडूला जाते, आणि ती सल गिरिजा शंकरांच्या धृतराष्ट्राने भागामागून भाग चेहऱ्यावर वागवली आहे. मुलाला राज्य हवं आहे, पण त्याहून आधी ते बापाला हवं होतं. त्यामुळे दुर्योधन 'माझा हक्क' म्हणतो तेव्हा ते पोकळ वाटत नाही. त्या घरात तो शब्द त्याने लहानपणापासून ऐकलेला आहे.

दुसरी जागा रंगभूमीची. कर्ण येतो, अर्जुनाला आव्हान देतो, कृपाचार्य त्याचं कुळ विचारतात, आणि सगळी सभा गप्प असताना दुर्योधन उठून त्याला अंगदेशाचा राजा करतो. या एका कृतीत औदार्य आहे आणि हिशेबही आहे. अर्जुनाला तोड मिळाली म्हणून तो खूश आहे, आणि कुळावरून माणसाला हिणवलं जातं याचा त्याला खराखुरा रागही आला आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. मूळ आदिपर्वात तर तो मुद्देसूद वाद घालतो: राजेपण तीन वाटांनी येतं, कुळाने, शौर्याने आणि सैन्य चालवण्याच्या ताकदीने. बदल्यात कर्णाकडे मागतो काय, तर मैत्री. मालिकेने या प्रसंगाला पुरेसा वेळ दिला, आणि लोकांनी दुर्योधनाला जे काही प्रेम दिलं त्याचं मूळ इथेच आहे.

तिसरी जागा कृष्णशिष्टाईची. पाच गावं मागितली जातात आणि हा सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन द्यायला तयार होत नाही. भीष्म, द्रोण, विदुर सगळे समजावतात. इथे कुणीही त्याला ढकलत नाही, सगळे मागे ओढतात. तो पुढे जातो तो स्वतःच्या पायाने, आणि कृष्णालाच बांधायला निघतो. काकांच्या कसोटीवर हा प्रसंग शंभर टक्के उतरतो. पाहिल्यावर काकांनीही मान डोलावली. लेखकाला वाटलं, वाद जिंकला.

मयसभा

खरी गाठ इथे होती.

आठवणीतली मालिका अशी: दुर्योधन इंद्रप्रस्थात येतो, मयासुराने बांधलेल्या सभेत जमीन समजून पाण्यात पडतो, वरून द्रौपदी हसते आणि आंधळ्याचा मुलगा आंधळा अशा अर्थाचं ते वाक्य बोलते. त्याच्या डोळ्यांत आग पेटते. मग द्यूत, मग वस्त्रहरण, मग सगळं. आमच्या खर्ड्यातही हाच प्रसंग याच वाक्यासकट होता. लेखकाला तो एकांकिकेचा कणा वाटत होता. "सर, इथे प्रेक्षक त्याच्या बाजूने होतात. हे काढलं तर तो नुसता हावरट उरतो."

आमच्यात शकुनीची भूमिका एक ताई करते. ऐरोलीला नोकरी करते आणि सुटली की ट्रान्सहार्बर लोकलने थेट तालमीला येते. तिने विचारलं, "हे वाक्य महाभारतात आहे का पण?" कुणालाच ठामपणे सांगता येईना. म्हणून 1893 साली सुरू झालेल्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन सभापर्वाचं भाषांतर काढलं, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचा पाठही पाहिला. शेकडो हस्तलिखितं ताडून केलेलं ते काम 1919 ला सुरू झालं आणि 1966 ला पुरं झालं. त्यामुळे नंतर कुठे काय जोडलं गेलं हे तिथे बऱ्यापैकी उघड दिसतं.

सभापर्वात प्रसंग आहे, वाक्य नाही. स्फटिकाची जमीन पाणी वाटून दुर्योधन वस्त्रं वर घेतो. मग पाण्याला जमीन समजून कपड्यांसकट पडतो. भीम हसतो, सेवक हसतात, अर्जुन आणि नकुल-सहदेवही हसतात. युधिष्ठिराच्या आज्ञेने त्याला कोरडी वस्त्रं दिली जातात. पुढे बंद दार उघडं समजून तो आपटतोही. या वर्णनात द्रौपदी कुठेच नाही. ती येते नंतर, आणि कुणाच्या तोंडून येते ते महत्त्वाचं: हस्तिनापूरला परतल्यावर दुर्योधन स्वतः बापाला सांगतो की कृष्ण आणि अर्जुन हसले, द्रौपदीही बायकांबरोबर हसली, आणि ते माझ्या जिव्हारी लागलं. म्हणजे द्रौपदीचं हसणं ही त्याची फिर्याद आहे, कथेने सांगितलेली घटना नाही. आणि आंधळ्याचा मुलगा वगैरे तर तोही म्हणत नाही.

ताई बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी आई आजही म्हणते, द्रौपदी हसली म्हणून महाभारत झालं. घरात कुठली सून जरा मोठ्याने हसली की हे ऐकायचं." तिच्या आवाजात राग होता, आणि मला तो योग्य वाटतो. ते वाक्य मालिकेने निर्माण केलं असं नाही. लोकपरंपरेत ते आधीपासून फिरत होतंच. पण अख्ख्या देशाने एकाच सकाळी ते एका चेहऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते पुरावा होऊन बसलं.

लेखकाने सहजासहजी हार मानली नाही, आणि त्याचा प्रतिवाद इथे नोंदवलाच पाहिजे. तो म्हणाला, पोथी वाचणाऱ्याला मत्सर पानभर समजावून सांगता येतो, टीव्हीवर नाही. पुढचा भाग आठवड्याने येणार. तोवर प्रेक्षकाच्या मनात प्रसंग धरून ठेवील असं एक ठसठशीत वाक्य लागतं. पाण्यात पडलेला माणूस आणि वर उभी असलेली हसणारी राणी, हे दृश्य कुणालाही कळतं. 'त्याला त्यांचं वैभव सहन झालं नाही' हे कॅमेऱ्याने कसं दाखवायचं?

हा मुद्दा खरा आहे. पण व्यासांनी तेही दाखवून ठेवलंय. राजसूयात प्रत्येकाला काम वाटून दिलं होतं, आणि दुर्योधनाकडे काम होतं आलेले नजराणे स्वीकारायचं. देशोदेशीचे राजे रांगेने येतायत, रत्नं, सोनं, घोडे, वस्त्रं आणतायत, आणि ते सगळं चुलतभावाच्या खजिन्यासाठी हा आपल्या हाताने घेतोय. बापाला सांगताना तो म्हणतो की घेता घेता माझा हात पुरेना. आम्ही हे मोठ्याने वाचलं तेव्हा दुर्योधन करणारा मुलगा नकळत स्वतःच्या तळहाताकडे बघायला लागला. हात पुढे करणारा राजपुत्र, थकलेला हात, आणि त्या हातात काहीच आपलं नाही: हे दृश्य कॅमेऱ्याला दाखवता येतं, आणि इथे कुणालाही त्याचा अपमान करावा लागत नाही.

परतीच्या वाटेवर तो शकुनीला सांगतो की उन्हाळ्यात उथळ पाणी आटावं तसा मी आटत चाललोय. पुढे बापाशी वाद घालताना तर तो आपल्या रोगाचं तत्त्वज्ञानच करतो: 'असंतोषः श्रियो मूलम्', असंतोष हेच वैभवाचं मूळ, म्हणून मला तो हवा आहे. हा माणूस अपमानाने पेटलेला नाही. आपण जळतोय हे त्याला कळतं, आणि ते जळणं तो निवडतो. मालिकेचं वाक्य ठेवलं की ही निवड जाते आणि तिच्या जागी चिथावणी येते. नायिकेच्या माथी दोष येतो हे नुकसान आहेच, पण लेखनाच्या दृष्टीने त्याहून मोठं नुकसान खलनायकाचं होतं. त्याचं पाप त्याच्याकडून काढून घेतलं जातं.

काकांचं 'अर्धा' हे याबद्दल होतं. पटलं.

मामा

शकुनीबद्दल मात्र आमच्यात एकमत झालं नाही, आणि अजूनही नाही. गुफी पेंटल यांनी उभा केलेला शकुनी, ते लंगडणं, तो बारीक केलेला डोळा, हातातले फासे, तो 'भांजे' म्हणतानाचा लाघवीपणा, हे भारतीय टीव्हीवरच्या सर्वोत्तम कामांपैकी आहे असं माझं मत आहे. अडचण त्याच उत्तमपणातून येते. तो कानाशी लागतो आणि पुढे काहीतरी घडतं, असं इतक्या वेळा होतं की दुर्योधन ऐकणारा होऊन जातो. लहानपणी भीमाला विष घालायचा बेत आदिपर्वात दुर्योधनाचा स्वतःचा आहे. पोरगेल्या वयात त्याने तो शांतपणे आखलेला आहे. लाक्षागृहाची सूचना पुरोचनाला तोच देतो. मालिका पाहून उठणाऱ्या सामान्य माणसाला विचारा, हे सगळं कुणी केलं? उत्तर येतं, मामाने.

ताईने इथे आपल्या भूमिकेची बाजू घेतली, आणि ती चुकीची नव्हती. नाटकात मनातला विचार बोलून दाखवायला कुणीतरी लागतं, नाहीतर दुर्योधन सतत स्वतःशी बडबडत बसेल. शकुनी म्हणजे त्याचाच आवाज बाहेर काढून उभा केलेला. मी म्हटलं, तसं असेल तर मधूनमधून दुर्योधनाने त्या आवाजाच्याही पुढे गेलेलं दिसायला हवं. आणि ते मूळ कथेत आहे.

वनपर्वातली घोषयात्रा. पांडव वनवासात, आणि गुरांची मोजदाद करायच्या निमित्ताने दुर्योधन लवाजमा घेऊन द्वैतवनात जातो, हेतू एवढाच की आपलं ऐश्वर्य त्यांना दिसावं. तिथे गंधर्वांशी भांडण होतं, चित्रसेन त्याला बांधून नेतो, कर्ण पळतो. आणि सोडवायला येतात ते पांडव, युधिष्ठिराने पाठवले म्हणून. ज्याला हिणवायला आलो त्याच्याच दयेने जिवंत परत जायचं. वाटेत दुर्योधन थांबतो, दर्भ अंथरतो आणि प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरायला, बसतो. दुःशासनाला सांगतो, तू राज्य कर. तो रडतो, हा हलत नाही. आणि तेव्हा शकुनी, होय, शकुनीच, त्याला सांगतो की यात शोक कसला करतोस, पांडवांनी तुझ्यावर उपकार केलेत, त्यांचं राज्य त्यांना परत दे, भावासारखा राहा, यश मिळव.

हे वाचून हॉलमध्ये खरंच सगळे गप्प झाले. मालिकेतून हा प्रसंग आमच्यापैकी कुणालाही आठवत नव्हता. दुर्योधनाच्या पूर्ण आयुष्यात दार सताड उघडं असल्याचा हा एकच क्षण. लाज त्याला वाटली आहे, मरायलाही तो तयार आहे, आणि मामाच म्हणतोय की परत दे. त्यानंतर दानव त्याला पाताळात नेऊन धीर देतात आणि तो उठतो. व्यासांनी दानव आणले ते बाजूला ठेवलं तरी नाट्य स्पष्ट आहे: मरणं सोपं होतं, देणं अवघड होतं, आणि त्याने तिसरं निवडलं.

ज्याला टीव्हीवरच्या खलनायकाचा ग्राफ लिहायचा आहे त्याने मयसभेपेक्षा या दर्भासनावर जास्त भाग खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

मांडी

हा शोध दुर्योधन करणाऱ्या मुलाचा. त्याला शरीराने काहीतरी पकडायला हवं होतं. प्रत्येक नटाला हवं असतं. पुनीत इस्सरांचं गदा पेलणं आणि गडगडाटी हसणं त्याच्या अंगात बसत नव्हतं, तो किडकिडीत आहे. वाचता वाचता त्याने एक हालचाल हेरली. वनपर्वाच्या सुरुवातीला मैत्रेय ऋषी हस्तिनापुरात येऊन याला समजावतात, तर हा उत्तर न देता हसतो, मांडीवर थाप मारतो आणि पायाने जमीन उकरत बसतो. ऋषी शाप देतात, भीम तुझी हीच मांडी फोडील. उद्योगपर्वात कण्व ऋषी समजावतात, पुन्हा मांडीवर थाप, आणि म्हणतो, देवाने मला जसा घडवला तसा मी वागतो, तुमच्या बडबडीचा काय उपयोग? या दोन्हींच्या आधी, द्यूताच्या वेळी, भर सभेत द्रौपदीपुढे त्याने तीच मांडी उघडी केलेली असते. आणि शेवटी तीच मोडते.

थाप म्हणजे त्याचं 'ऐकणार नाही'. ज्या ज्या वेळी दुसरी वाट दिसते, त्या त्या वेळी हात मांडीवर जातो. मालिकेने मांडीची गोष्ट वेगळ्या रस्त्याने सांगितली. गांधारी डोळ्यांवरची पट्टी सोडून मुलाचं शरीर वज्राचं करणार असते, कृष्ण त्याला वाटेत गाठून लाजवतो, तो कमरेला केळीचं पान गुंडाळतो आणि तेवढा भाग कच्चा राहतो. गोष्ट लोकप्रिय आहे, मजेदार आहे, चिकित्सक पाठात नाही. तिच्यात मांडी दुबळी राहते ती कृष्णाच्या युक्तीमुळे. पुन्हा तेच: त्याच्या शेवटाची जबाबदारी दुसऱ्याकडे.

आम्ही थाप ठेवली. पहिल्यांदा मोठी, माजाची. मग लहान होत जाते. शिष्टाईच्या वेळी हात नुसताच मांडीपर्यंत येतो आणि थांबतो. त्या मुलाने हे कुणी न सांगता केलं, आणि शकुनीचे निम्मे संवाद मला तिथेच अनावश्यक वाटले.

आम्ही काय ठरवलं

मालिकेबद्दलचं माझं मत: मालिकेतल्या दुर्योधनाचा आरंभ उत्तम लिहिला आहे, शिष्टाई उत्तम आहे, आणि या दोहोंच्या मधला भाग कमकुवत आहे. मधल्या भागात निवड त्याच्या हातून काढून मामाच्या आणि द्रौपदीच्या हातात दिली गेली. पुनीत इस्सरांनी ती पोकळी आपल्या ताकदीवर भरून काढली, म्हणून ती चटकन जाणवत नाही. चांगला नट लेखकाची उणीव झाकतो, हे आम्ही नाटकवाले रोज बघतो. काकांचं 'अर्धा' मला थोडं कठोर वाटतं, पण दिशा त्यांचीच बरोबर.

संहितेत बदल झाले ते असे. मयसभेतून ते वाक्य गेलं, पण प्रसंग गेला नाही. लेखकानेच तोड काढली आणि ती मूळ पाठाशी इमानदार आहे. डोहातला दुर्योधन प्रेक्षकांना सांगतो, "ती हसली. सगळ्यांत मोठ्याने ती हसली." त्याच वेळी मागे प्रसंग घडतो, आणि त्यात भीम हसतो, सेवक हसतात, एक सेवक कोरडी वस्त्रं घेऊन पुढे येतो. द्रौपदी तिथे नाही. प्रेक्षकाला जे ऐकू येतं आणि जे दिसतं ते जुळत नाही, आणि या माणसाने आपली फिर्याद स्वतःच कशी रचली ते कुणी न समजावता कळतं. नजराण्यांचा प्रसंग त्याच्या आधी घातला. घोषयात्रेला पूर्ण प्रवेश दिला, त्यासाठी द्यूत जवळजवळ काढून टाकलं. ते प्रत्येकाला पाठ असतं, दोन फासे पडल्याचा आवाज पुरतो. उथळ पाणी आटण्याचं ते वाक्य आता डोहात बसल्यावर येतं, आणि तिथे त्याला स्वतःचं वजन मिळतं.

शकुनीचे संवाद कमी केल्यावर ताई दोन तालमी नाराज होती. घोषयात्रेत 'परत दे' म्हणायचा प्रवेश मिळाल्यावर ती म्हणाली की आधीच्या सगळ्या डावपेचांपेक्षा हा एक प्रवेश करायला अवघड आहे, कारण तिथे शकुनी खरं बोलतोय की नाही हे तिला ठरवावं लागतं. तिने ठरवलंय, पण आम्हाला सांगितलं नाही. मी विचारणारही नाही.

शेवट अजून ठरलेला नाही. डोहाच्या काठावर युधिष्ठिर म्हणतो, आमच्यापैकी कुणाही एकाशी लढ, जिंकलास तर राज्य तुझं. दुर्योधन नकुल-सहदेवाचं नाव घेऊन राज्य मिळवू शकला असता. तो घेत नाही. या निवडीवर आम्ही सगळे एकमताने थांबलो आहोत. प्रश्न आहे त्यापुढचा. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा पहाटे येऊन द्रौपदीचे पाचही मुलगे आणि उरलंसुरलं पांचालांचं सैन्य मारल्याची बातमी देतो, आणि मांडी फुटलेला दुर्योधन समाधानाने म्हणतो, जे भीष्मांनी, कर्णाने, तुझ्या बापाने केलं नाही ते तू केलंस. आणि मरतो. लेखकाला हा शेवट सोसत नाही. त्याच्या मते शेवटच्या क्षणी त्या पोरांसाठी याचे डोळे भरायला हवेत, नाहीतर प्रेक्षक रिकाम्या हाताने जातील. काका म्हणतात, ज्याने दर्भासनावरून उठून राज्य ठेवायचं ठरवलं तो आता रडला तर आपणही तेच केलं जे टीव्हीने केलं, त्याचं त्याच्याकडून काढून घेतलं. मी काकांकडे झुकतो आहे, पण मुलाने रडण्याचा जो परिच्छेद लिहिलाय तो इतका चांगला उतरलाय की वाचूनच टाकून द्यायला मन धजत नाही. शनिवारी दोन्ही शेवट उभे करून बघायचे ठरले आहेत. अश्वत्थामा करणारा मुलगा कल्याणहून येतो, त्याची शिफ्ट संपली की सुरू करू.